काडेपेटीतले मोती

रत्नचोरीच्या गोष्टींतला हौशी शोधक आपल्या चांगला ओळखीचा आहे. कपडे झोकदार, जीभ गोड, बड्या घरच्या मेजवान्यांत सहज वावर, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून चोराकडे बोट दाखवायची हातोटी. असं कुणी खरोखर होऊन गेलं का, हे शोधायला मी बसलो तेव्हा बहुतेक ठिकाणी निराशाच पदरी पडली. एका प्रकरणाने मात्र मला धरून ठेवलं. १९१३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मोत्यांचा एक हार चोरीला गेला. दोन देशांचे पोलीस अंधारात चाचपडत असताना धागा हाती लागला तो पोलिसांशी काहीही संबंध नसलेल्या दोन माणसांच्या. दोघे नात्याने भाऊ. त्यांनी जे केलं ते कोणत्याही कादंबरीतल्या शोधकापेक्षा मला जास्त अवघड वाटतं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडतो.

हाराचा मालक मॅक्स मेयर. लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या रस्त्यावर त्याची पेढी होती. हारात ६१ मोती, मध्यभागी सर्वांत मोठा आणि दोन्ही टोकांकडे उतरत जाणारे. किंमत दीड लाख पौंडांच्या आसपास. आज मोत्यांचा सर कुणाच्याही आवाक्यात असल्यामुळे हा आकडा ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. पण तेव्हा शेतीतून काढलेले गोल मोती बाजारात यायचे होते. ते येऊ लागले १९२० च्या दशकात. तोवर मोती म्हणजे पाणबुड्याने जीव धोक्यात घालून, शेकडो शिंपले फोडून, नशिबाने हाती आलेला. आखातातले हे मोती मुंबईच्या बाजारात येत, इथे त्यांची निवड होई, भोकं पाडली जात आणि मग ते पॅरिसला जात. आपल्याकडे ज्याला 'बसरा मोती' म्हणतात तो हाच. त्या वर्षांत मोत्याने हिऱ्यालाही मागे टाकलं होतं. १९१७ साली कार्तिए या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची एक हवेली घेतली ती दोन पदरी मोत्यांचा हार आणि वर शंभर डॉलर देऊन.

मोत्याच्या भावाचं गणितही वेगळं आहे, आणि पुढे ते महत्त्वाचं ठरतं. वजन दुप्पट झालं की किंमत साधारण चौपट होते, कारण भाव वजनाच्या वर्गावर धरतात. मुंबईच्या मोतीबाजारातलं 'चव' हे मापही याच हिशेबाचं. त्याउपर जुळणीचा भाव असतो. एकाच छटेचे, एकाच पाण्याचे, आकाराने क्रमाने उतरणारे ६१ मोती जमवायला वर्षं जातात. सुटे विकले तर जी रक्कम येईल तिच्यापेक्षा हार म्हणून त्यांची किंमत कितीतरी जास्त. मेयरच्या हाताखालून हा हार असा जमलेला होता, आणि त्याचा विमा लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारात उतरवलेला होता.

त्या जुलैत हार पॅरिसला होता. तिथला मेयरचा माणूस सालोमन्स याने तो गिऱ्हाइकाला दाखवला, सौदा जमला नाही, म्हणून हार रजिस्टर टपालाने लंडनला परत पाठवला. एवढा मौल्यवान हार टपालाने पाठवला हे वाचून आपण चमकतो, पण व्यापाऱ्यांची ती रोजची रीत होती. पेटी घेऊन निघालेला माणूस वाटेत लुटला जाऊ शकतो. हजारो पाकिटांत मिसळलेलं एक साधं पाकीट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाकिटावर लाखेच्या मोहरा, मोहरांवर 'एम एम' ही मालकाची अक्षरं. १६ जुलैला सकाळी टपालवाल्याने ते मेयरच्या पेढीवर आणून दिलं. मोहरा शाबूत होत्या, कागद फाटलेला नव्हता. आतली पेटी उघडली तर मोत्यांच्या जागी साखरेचे चौकोनी खडे आणि फ्रेंच वर्तमानपत्राचा तुकडा.

या साखरेपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. खडे फ्रेंच पद्धतीचे, कागद फ्रेंच, त्यामुळे बोट सरळ पॅरिसकडे गेलं. चोरी तिकडेच झाली, पाकीट निघण्याआधी किंवा निघताना, असं इंग्रजांनी धरलं. फ्रेंचांनी उलट सांगितलं की आमच्याकडून पाकीट बिनबोभाट निघालं, तुमच्याकडे काय झालं ते पाहा. 'मोनालिसा' १९११ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेली होती आणि अजून सापडलेली नव्हती, त्यामुळे पॅरिसचे पोलीस आधीच हैराण होते. दोन देशांच्या यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या आणि मोलाचे दिवस गेले. चोरांना हवं होतं ते हेच. साखर त्यांनी केवळ वजन भरून काढण्यासाठी घातली नव्हती. ती कुणीतरी विचारपूर्वक निवडली होती.

विम्यावाल्यांच्या वतीने १०,००० पौंडांचं इनाम जाहीर झालं. खरं तर इथूनच प्रकरणाला गती आली.

चोरी झाली होती लंडनमध्येच. मेयरच्या पेढीजवळ, त्याच हॅटन गार्डनमध्ये, सिल्व्हरमन नावाच्या माणसाने एक खोली भाड्याने घेतली होती. 'एम एम' अक्षरांची हुबेहूब मोहर करून घेतलेली होती. टपाल वाटणारा माणूस फितवलेला होता. पाकीट मेयरकडे पोचण्याआधी थोडा वेळ दुसऱ्यांच्या हातात गेलं, उघडलं गेलं, साखर भरून पुन्हा बंद झालं आणि नव्या लाखेवर नकली मोहर बसली. काही मिनिटांचं काम. पण त्यामागे किती आठवड्यांची पाळत असेल, याची कल्पना करून पाहा. कोणता टपालवाला, कोणती फेरी, मेयरची पाकिटं दिसतात कशी, हे सगळं आधी कळायला हवं.

या कामाचा सूत्रधार जोसेफ ग्रिझार्ड. चोरीचा माल पचवणारा म्हणून लंडनच्या गुन्हेगारी जगात त्याचं नाव वरचं होतं. गोड बोलणं, रुबाब, पाहुणचार, गोष्टींतल्या शोधकाकडे जे जे असतं ते सगळं या प्रकरणात चोराच्या बाजूला होतं. त्याच्याविषयी एक किस्सा सांगतात. घरी मेजवानी चालू असताना पोलीस झडतीला आले. त्याने त्यांना अदबीने आत घेतलं, घरभर हिंडू दिलं आणि आपण पाहुण्यांबरोबर जेवत राहिला. पोलीस रिकाम्या हाताने गेले. मग त्याने आपल्या सूपच्या वाडग्यात चमचा घालून हिऱ्यांचा हार बाहेर काढला. किस्सा तिखटमीठ लावलेला असू शकेल. पण त्याच्याविषयी असे किस्से सांगितले जावेत, यातच त्याचं वजन कळतं. त्याच्या जोडीला लॉकेट हा मुरलेला चोर, सिल्व्हरमन आणि गुटविर्थ. गुटविर्थ हिऱ्यांची दलाली करणारा होता.

माल हाती आला आणि खरी पंचाईत सुरू झाली. हिरा चोरीला गेला तर तो पुन्हा पैलू पाडून बदलता येतो. थोडं वजन जातं, पण ओळख पुसली जाते. सोनं वितळवता येतं. मोत्याला पैलू पाडता येत नाहीत. फार तर वरचा पापुद्रा सोलता येतो, पण त्याने किंमतच सोलली जाते. सुटे करून विकावेत, तर जुळणीचा भाव गेला, आणि मधले मोठे मोती इतके विरळे की पाहणारा जाणकार विचारणारच, हा आला कुठून? इनामाची बातमी तर युरोपातल्या प्रत्येक मोतीवाल्याने वाचलेली. त्यामुळे गिऱ्हाईक लंडनबाहेर शोधणं भाग होतं. गुटविर्थ बेल्जियममधल्या अँटवर्पला, हिऱ्यांच्या बाजाराच्या शहरात, गेला.

तिथे त्याने ब्रँडस्टॅटर या माणसाला विचारलं, एखादा मोठा खरेदीदार आहे का. ब्रँडस्टॅटर काही गुप्तहेर नव्हता. व्यापारातल्या लोकांत उठबस असलेला, बेताच्या परिस्थितीचा माणूस. पण आपल्यापुढे काय ठेवलं जातंय हे त्याला कळलं. त्याने तोंडावर काही दिसू दिलं नाही. आपला भाऊ क्वाड्रॅटस्टीन याला गाठलं, आणि दोघांनी ठरवलं की खरेदीदाराचे मध्यस्थ म्हणून उभं राहायचं, हार कुठे आहे ते काढायचं आणि इनाम मिळवायचं.

इनामासाठी केलं, म्हणून या दोघांकडे थोडं नाक मुरडून पाहिलं जातं. मला ते पटत नाही. चोरांशी सौदा करून चांगला वाटा घेणं त्यांना सहज जमलं असतं, आणि त्यात धोकाही कमी होता. त्यांनी विम्यावाल्यांची बाजू धरली आणि मग दिवसेंदिवस चोरांच्या समोर बसून खोटं बोलत राहिले, तेही अशा लोकांच्या समोर ज्यांचा धंदाच माणसं पारखण्याचा. एखादा शब्द चुकीचा गेला असता तर काय झालं असतं, हे त्या दोघांना पुरतं ठाऊक होतं.

हे काम पोलिसांना का जमलं नसतं? लंडनचे मुरलेले चोर तिथल्या पोलिसांना चेहऱ्याने ओळखत होते, आणि भेटीच्या जागी आसपास पाळतीला त्यांची आपली माणसंही असत. पण याहून मोठी अडचण वेगळी होती. मोती-हिऱ्यांच्या बाजारात विश्वास कागदावर नसतो. आजही अँटवर्पमध्ये 'मझल' म्हणून हात मिळवला की लाखोंचा सौदा पक्का होतो, आणि मूळ हिब्रू असलेला हा शब्द तिथे गुजराती व्यापारीही तितक्याच सहजपणे वापरतात. कुणाची कुणाशी सोयरीक आहे, कोण कुणाच्या घरी जेवतो, कुणी कधी शब्द मोडला, हे सगळ्यांना तोंडपाठ. बाहेरून आलेला माणूस, कितीही हुशार असो, पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. या दोन भावांना सोंग फारसं घ्यावंच लागलं नाही. बोली तीच, ओळखीपाळखी त्याच, घासाघीस करायची पद्धत तीच. खोटी होती ती फक्त एक गोष्ट, त्यांच्या मागे उभा असलेला खरेदीदार.

ऑगस्टमध्ये भेटी लंडनला हलल्या. ग्रिझार्ड कधीच घाईत नसे. जागा बदलायच्या, वेळा बदलायच्या, कधी नुसतंच बसायचं आणि माल दाखवायचाच नाही. अशा एका भेटीत, चहाच्या दुकानात, ग्रिझार्डने सिगारेट ओठांत धरली आणि काडी मागितली. सिल्व्हरमनने काडेपेटी पुढे केली. बाजूच्या टेबलावरच्या माणसाला यात पाहण्यासारखं काही वाटायचं कारण नव्हतं. पेटी उघडली तर आत काड्यांऐवजी मोती.

हे वाचल्यापासून ती काडेपेटी माझ्या डोक्यातून गेलेली नाही. लोखंडी तिजोऱ्या, लाखेच्या मोहरा, रजिस्टर टपाल, लॉइड्सचा विमा एवढ्या बंदोबस्तातला माल शेवटी कुणाच्याही खिशात असणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेटीत आला होता. लपवण्याची यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही, कारण ती सर्वांसमोर काढता येते.

आता खरेदीदार हजर करणं भाग होतं. विम्यावाल्यांनी पॅरिसचा मोत्यांचा जाणकार मॅक्स स्पॅनियर याला उभं केलं. ही निवड मला संपूर्ण प्रकरणातली सर्वांत शहाणी वाटते. नुसता श्रीमंत दिसणारा माणूस पाठवला असता तर काम बिघडलं असतं. मोती हातात घेऊन उजेडाकडे कसा धरायचा, कुठे थांबायचं, कोणता दोष बोलून दाखवायचा आणि कोणता गिळायचा, हे ज्याच्या बोटांत मुरलेलं आहे असाच माणूस ग्रिझार्डसमोर टिकणार होता. आणि मोती खरोखर त्याच हारातले आहेत हे ओळखणंही त्यालाच शक्य होतं. होबर्नमधल्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू हॉटेलात बैठक झाली. स्पॅनियरने मोती पाहिले, घासाघीस केली आणि दोन मोती एक लाख फ्रँक मोजून विकत घेतले. तेव्हाच्या भावाने जवळपास चार हजार पौंड.

इथे त्या सगळ्यांपुढे पेच उभा राहिला, आणि प्रकरण अभ्यासायचं तर इथेच जास्त वेळ थांबायला हवं. दोन मोती हातात आहेत. म्हणजे पुरावा हातात आहे. चोर समोर आहेत. आत्ताच धरावं का? धरलं तर गुन्हा शाबीत होण्याची शक्यता चांगली, पण उरलेले मोती कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. चोरांच्या बायका, मित्र, कुणीही ते नदीत टाकून देतील. मेयरला आणि विम्यावाल्यांना हवा होता हार. पोलिसांना हवे होते चोर. दोन भावांना हवं होतं इनाम, आणि ते हार मिळाल्याशिवाय मिळणार नव्हतं. तिघांची गरज एकाच दिशेची दिसत असली तरी नेमक्या या क्षणी त्या तीन वाटा होत्या. थांबायचं ठरलं. पूर्ण हार विकत घेण्याची बोलणी पुढे चालू ठेवायची, आणि चोर माल घेऊन येतील तेव्हा धरायचं.

मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा बराच विचार केला आहे. थांबण्यात धोका भावांचा होता, निर्णय मात्र एकट्या त्यांचा नव्हता. ज्यांचा जीव टांगणीला होता त्यांनी आणखी एकदा हसतमुखाने चहा प्यायला जायचं होतं. तरीही थांबणंच बरोबर होतं असं माझं मत आहे. दोन मोत्यांवर समाधान मानलं असतं तर बाकीचे ५९ गेलेच असते.

२ सप्टेंबरला सापळा आवळला. ब्रिटिश म्युझियम या भुयारी रेल्वेच्या स्थानकापाशी साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी ग्रिझार्ड, लॉकेट, सिल्व्हरमन आणि गुटविर्थ यांना एकदम घेरलं. ते स्थानक १९३३ साली बंद झालं, आज त्या जागी गाडी थांबत नाही. चौघांची झडती घेतली. घरं, खोल्या उलट्यापालट्या केल्या. हार कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी दोन भावांना काय वाटलं असेल, हे कुठे लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. माणसं धरली गेली होती, आणि ज्यासाठी एवढं केलं ते हातून निसटलं होतं.

मग दोन आठवड्यांनी, सकाळच्या वेळी, उत्तर लंडनच्या सेंट पॉल्स रोडवरून पियानोच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस चालला होता. रस्त्याच्या कडेच्या गटारीत त्याला एक काडेपेटी दिसली. त्याने ती उचलली. आत मोती. त्याला ते खोटे, काचेचे वाटले, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. रस्त्यावर पडलेल्या काडेपेटीत दीड लाख पौंडांचा माल असेल अशी शंका कुणाला येईल? तरी त्याने पेटी पोलीस चौकीवर नेऊन दिली. मेयरला बोलावलं तेव्हा उलगडा झाला की हे त्याच हारातले मोती, जवळजवळ सगळे. पेटी तिथे कुणी टाकली, घाबरलेल्या नातेवाइकाने की टोळीतल्या आणखी कुणी, हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही.

खटला ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात नोव्हेंबरमध्ये चालला. ग्रिझार्ड आणि लॉकेट यांना सात-सात वर्षं, सिल्व्हरमनला पाच, गुटविर्थला अठरा महिने. टपालवाल्यावर खटला उभाच राहिला नाही, आणि मला हे या प्रकरणातलं सर्वांत अपुरं राहिलेलं टोक वाटतं. त्याच्यावाचून काहीच घडलं नसतं.

पोलिसांना मी नावं ठेवणार नाही. एकदा माहिती हाती आल्यावर त्यांनी संयम ठेवला, आणि चौघांना गर्दीच्या ठिकाणी कुणालाही इजा न होता पकडलं. पण माहिती हाती आली ती एका दलालाने चुकीच्या माणसाला प्रश्न विचारला म्हणून. गुटविर्थने अँटवर्पमध्ये दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर ते मोती एकेक करून युरोपभर विखुरले असते आणि आज या प्रकरणात सांगण्यासारखं उरलं असतं ते फक्त साखरेचे खडे. मोती चोरायला मोहर बनवता आली, टपालवाला फितवता आला. विकायला मात्र ओळखीच्या माणसाकडेच जावं लागलं, आणि ज्या ओळखीवर चोरांची सगळी भिस्त होती तिच्याच आतल्या बाजूला ब्रँडस्टॅटर बसलेला होता.

त्याचं आणि क्वाड्रॅटस्टीनचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. ग्रिझार्डचं आहे. सूपमधल्या हाराचा किस्सा लोक अजून सांगतात. चहाच्या टेबलावर काडेपेटी उघडली गेली तेव्हा समोर बसलेल्या माणसाने चेहऱ्यावरची रेषही हलू न देता मोती पाहिले आणि भाव विचारला, हे सांगणारं कुणी भेटत नाही.